गोलाइट बंद झाली तेव्हा नेमके काय गेले

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात १९९८ साली सुरू झालेली ‘गोलाइट’ ही हलक्या वजनाच्या भटकंती-सामानाची कंपनी २०१४ साली दिवाळखोरीत निघाली. दुकाने बंद झाली, उरलेला माल सवलतीत विकला गेला आणि डोंगरात दीर्घ पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्या असंख्य लोकांच्या पाठीवर असलेले एक नाव बाजारातून नाहीसे झाले. या घटनेला आता बराच काळ लोटला आहे आणि नव्याने या छंदाकडे वळलेल्या पुष्कळांनी हे नाव ऐकलेलेही नसेल. तरीही तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटत राहिले आहे. एखादी आवडती कंपनी बंद पडली की लोकांची हळहळ बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते: आता ती सॅक मिळणार नाही, तो तंबू मिळणार नाही. ही हळहळ खोटी नाही, मलाही ती वाटली. परंतु सॅक आणि तंबू पुढे इतरांनीही बनवले, काहींनी तर अधिक चांगले बनवले. गोलाइटसोबत जे गेले ते याहून वेगळे होते, आणि ते समजून घ्यायचे तर कंपनी ज्या विचारातून जन्माला आली तिथून सुरुवात करावी लागते.

तो विचार रे जार्डिन यांचा होता. जार्डिन हे मूळचे अवकाश-क्षेत्रात काम केलेले अभियंते आणि अव्वल दर्जाचे प्रस्तरारोहक. कड्याच्या भेगेत बसवायचे, स्प्रिंगच्या जोरावर उघडून घट्ट धरून ठेवणारे ‘फ्रेंड’ नावाचे उपकरण त्यांनी तयार केले; १९७८ पासून ते बाजारात आले आणि कड्यावर स्वतःला सुरक्षित ठेवण्याची रीतच त्याने बदलून टाकली. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी जेनी दीर्घ पदभ्रमणाकडे वळले. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही सुमारे ४,२६५ किलोमीटरची वाट त्या दोघांनी एकाहून अधिक वेळा पूर्ण केली आणि १९९२ साली जार्डिन यांनी त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. त्या काळी अशा वाटेवर वीस-पंचवीस किलोंची सॅक हे नवल नव्हते. जाड चामड्याचे बूट, धातूची चौकट असलेली अवजड सॅक, दुहेरी भिंतींचा तंबू आणि ‘वेळप्रसंगी लागेल’ म्हणून घेतलेल्या असंख्य वस्तू यांना कोणी फारसा प्रश्न विचारत नसे.

जार्डिन यांनी तो प्रश्न विचारला आणि एका अभियंत्याला साजेल अशा काटेकोरपणे विचारला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की वजन हे वजनाला जन्म देते. सामान जड असले की ते पेलण्यासाठी सॅकला चौकट आणि जाड कमरपट्टा लागतो, चौकटीमुळे सॅकच जड होते, त्या भाराखाली घोटा सांभाळण्यासाठी उंच बूट लागतात, आणि पायावर असलेल्या वजनाला पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पट अधिक ऊर्जा खर्ची पडत असल्याने चालणारा लवकर थकतो, रोजची मजल कमी होते, दोन गावांमधले अंतर कापायला दिवस जास्त लागतात आणि म्हणून अन्नही जास्त वाहावे लागते. ही साखळी उलट्या दिशेनेही तितकीच खरी ठरते. तंबूच्या जागी एक ताणलेले टार्प, म्हणजे नुसते छताचे कापड, घेतले, झोपण्याची पिशवी सोडून क्विल्ट, म्हणजे खालची बाजू नसलेले पांघरूण, घेतली आणि नको असलेल्या वस्तू निर्धाराने मागे ठेवल्या की चौकट अनावश्यक होते, मग कमरपट्टाही, मग बूटही. साध्या धावण्याच्या बुटांत माणूस दिवसभर चालू शकतो. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरणाऱ्या सामानाच्या वजनाला या क्षेत्रात ‘बेस वेट’ म्हणतात. आज ते ९ किलोंच्या आत असेल तर लाइटवेट आणि साडेचार किलोंच्या आत असेल तर अल्ट्रालाइट अशी ढोबळ विभागणी सर्वत्र मानली जाते; तिच्यामागे जार्डिन यांच्या या हिशेबाचा फार मोठा वाटा आहे.

मात्र एक अडचण होती. जार्डिन दांपत्य आपले सामान स्वतः शिवत असे. हस्तपुस्तिका वाचून पटलेल्या वाचकाला दुकानात गेल्यावर त्यातले काहीच मिळत नसे. डिमिट्री आणि किम कूपूनास या जोडप्याने नेमकी ही पोकळी हेरली, जार्डिन यांच्याकडून त्यांच्या रचना वापरण्याची परवानगी घेतली आणि गोलाइटची स्थापना केली. सुरुवातीच्या मालात ‘ब्रीझ’ नावाची सॅक, ‘केव्ह’ नावाचे टार्प आणि त्याखाली टांगायची ‘नेस्ट’ ही मच्छरदाणी होती. ब्रीझ पाहिली की प्रथम ती अपुरी वाटे. तिला चौकट नव्हती, झाकण नव्हते, कमरपट्टाही नव्हता. एक मोठा कप्पा, बाहेरच्या बाजूला जाळीचे खिसे, खांद्याचे दोन पट्टे आणि वजन अर्ध्या किलोहूनही कमी. ज्या काळात चांगल्या सॅकची ओळख तिच्या पट्ट्यांच्या आणि बक्कलांच्या संख्येवरून होत असे, त्या काळात एखाद्या कंपनीने ही वस्तू दुकानात टांगणे हे मोठे धाडस होते.

अशा सॅकचे यश तिच्या कापडापेक्षा ती भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते आणि हे गोलाइटने आपल्या ग्राहकांना शिकवले, याचे मला आजही कौतुक वाटते. चौकट नसलेल्या सॅकमध्ये फोमची मॅट गुंडाळून आतल्या भिंतीला लावली किंवा घडी करून पाठीशी ठेवली की तीच चौकटीचे काम करते. झोपताना लागणारी वस्तू चालतानाही उपयोगी पडते. क्विल्ट तळाशी सैल कोंबली तर ती रिकामे कोपरे भरून काढते आणि भार कंबरेवर न ओघळता पाठीला चिकटून राहतो. जड वस्तू खांद्यांच्या पात्यांमध्ये, पाठीला लागून. हे नीट जमले तर सात-आठ किलो वजन दिवसभर जाणवत नाही. जमले नाही तर तेच वजन खांद्यांत रुतते आणि माणूस सॅकला दोष देतो. म्हणजे वस्तूतून जेवढे काढून घेतले तेवढे कौशल्य वापरणाऱ्याच्या अंगी यावे लागते. टार्पचेही तसेच आहे. तंबू कुठेही उभा राहतो. टार्पला जागा निवडावी लागते, वाऱ्याची दिशा पाहावी लागते, पाणी कुठून वाहत येईल याचा अंदाज घ्यावा लागतो आणि वादळी रात्री त्याची कड जमिनीलगत खाली आणावी लागते. केव्हला दोन्ही टोकांना पुढे आलेल्या लहान छपऱ्या होत्या, ज्यामुळे तिरका पाऊस आत येत नसे आणि टार्प थोडे उंच बांधून खाली मोकळेपणाने बसताही येत असे. एवढ्या लहानशा कापडाच्या भरीत किती विचार आहे हे पावसात रात्र काढल्यावरच कळते.

क्विल्टचा तर्क तर इतका सरळ आहे की तो आधी कुणाला सुचला कसा नाही याचे आश्चर्य वाटावे. झोपण्याच्या पिशवीत उब देते ती तंतूंमध्ये किंवा पिसांमध्ये अडकलेली हवा. अंगाखालचा भाग शरीराच्या वजनाने दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. खालून येणारी थंडी मॅटच अडवते. मग तो भाग आणि त्यासोबत लांबलचक चेन वाहायची कशासाठी? तो काढून टाकला, पायाकडची बाजू बंद ठेवली, कडेला बांधायला दोऱ्या लावल्या की पांघरूण तयार. आज कितीतरी लहान कंपन्यांचा सगळा व्यवसाय क्विल्टवर चालतो.

माझ्या स्वतःच्या वापरात आली ती या पहिल्या पिढीनंतरची सॅक, जॅम. जार्डिन काही वर्षांनी कंपनीपासून वेगळे झाले होते आणि गोलाइट आपल्या पायांवर रचना करू लागली होती. जॅममध्ये ब्रीझचा कठोरपणा थोडा सैल केलेला होता: कमरपट्टा आला होता, पुढच्या बाजूला चेनचा एक मोठा खिसा आला होता आणि तरीही वजन किलोच्या आत होते. तिचे कापड नायलॉनचे, पण त्यात ठरावीक अंतरावर डायनीमाचे धागे उभे-आडवे विणलेले. डायनीमा रंग धरत नाही, त्यामुळे गडद कापडावर पांढऱ्या बारीक चौकटी उठून दिसतात. हा धागा वजनाच्या मानाने अत्यंत बळकट असतो. कापडाला काट्याने भोक पडले तरी फाट पुढच्या चौकटीपाशी अडते. परंतु या सॅकमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तळाशी होती. तिथे दोन छोटे आकडे होते. ते वर ओढून अडकवले की सॅकचा तळ आत दुमडला जाई आणि आकारमान बरेच कमी होई. लांबच्या भटकंतीत सॅक पहिल्या दिवशी अन्नाने तुडुंब असते आणि शेवटच्या दिवशी अर्धी रिकामी, तेव्हा आतले सामान हिंदकळते आणि भार पाठीपासून दूर जातो. त्यावर बहुतेक कंपन्या बाजूने आवळणारे पट्टे लावत. गोलाइटने तळ दुमडण्याचा मार्ग काढला, ज्यात वजनाची भर नगण्य होती आणि सॅक तिच्या मूळ आकारात, फक्त लहान होऊन, पाठीवर बसत असे. ही युक्ती ज्याने शोधली त्याने अर्धी रिकामी सॅक दीर्घकाळ वाहिली असली पाहिजे. टेबलावर बसून ती सुचणारी नाही.

शांग्रि-ला हे त्यांचे तंबूही असेच होते. मधे काठीचा आधार आणि भोवती पिरॅमिडसारखे उतरणारे कापड. तळ नाही, आतली भिंत नाही, हवे असेल तर ते वेगळे जोडायचे. याशिवाय त्यांची चंदेरी आवरणाची ‘क्रोम डोम’ छत्री होती. वाळवंटी पट्ट्यातून चालणाऱ्यांमध्ये ती फार लोकप्रिय झाली, कारण ऊन परतवून लावणारी सावली पाठीसोबत चालत राहते आणि पावसात डोके झाकूनही अंगाला हवा लागते. गिर्यारोहणाच्या गंभीर सामानात छत्रीला स्थान देणे हे पुन्हा जार्डिन यांच्याच शिकवणुकीला धरून होते.

आता अशी कंपनी बंद का पडते? गोलाइटच्या बाबतीत ठळक दिसणारी गोष्ट म्हणजे शेवटच्या काही वर्षांत बदललेली विक्रीची पद्धत. इतरांच्या दुकानांतून माल विकणे थांबवून कंपनीने थेट ग्राहकाला विकायचे ठरवले आणि त्यासाठी स्वतःची दुकाने उघडली. मध्यस्थाचा वाटा वगळल्यामुळे किंमती उतरल्या आणि ग्राहक म्हणून आम्हाला त्याचा आनंदच झाला. पण दुकान म्हणजे भाडे, पगार आणि प्रत्येक शाखेत प्रत्येक मापाचा व रंगाचा साठा. दुसऱ्याच्या दुकानात माल दिला तर त्याची मागणी आधी नोंदवली जाते आणि त्या भरवशावर उत्पादन ठरवता येते. स्वतःच्या दुकानात माल पडून राहिला तर तो पैसा आपलाच अडकतो. त्यातच कंपनीचा पसारा सॅक आणि टार्पपुरता न राहता कपडे आणि पादत्राणे यांकडे वळला होता. कपड्यांना मापे अनेक, रंग अनेक आणि हंगाम संपला की जुने ठरण्याचा धोका मोठा. बाहेरून पाहणाऱ्याला याहून खोलवरचा निवाडा देता येणार नाही. पण जे दिसते त्यावरून एवढे म्हणावेसे वाटते की ग्राहकांना ‘कमी घ्या’ असे सांगत उभी राहिलेली कंपनी स्वतः मात्र वाढत गेलेल्या भाराखाली दबली.

या व्यवसायात मुळातच काही अवघड गाठी आहेत आणि त्या एकट्या गोलाइटच्या नव्हत्या. पहिली गाठ ग्राहकाची. जो माणूस मनापासून हलक्या वजनाच्या विचाराकडे वळतो तो एक सॅक, एक निवारा, एक पांघरूण घेतो आणि मग पुढची अनेक वर्षे काहीच घेत नाही. किंबहुना तो जितका चांगला अनुयायी असेल तितका तो वाईट गिऱ्हाईक ठरतो. त्यामुळे टिकायचे तर सतत नवे लोक मिळवावे लागतात किंवा जुन्यांना दरवर्षी काहीतरी नवे घ्यायला लावावे लागते, आणि दुसरा मार्ग मूळ विचाराच्या थेट विरुद्ध जातो. दुसरी गाठ टिकाऊपणाची. एका चौरस मीटरला सुमारे ४५ ग्रॅम भरणारे सिलिकॉन मुरवलेले नायलॉन किंवा त्याच क्षेत्रफळाला सुमारे १७ ग्रॅम भरणारे डायनीमाचे पारदर्शक कापड हे काळजीने वापरणाऱ्याच्या हाती उत्तम चालते. पण तेच सामान खडकावर घासत ओढणाऱ्याच्या हाती गेले की परत येते आणि एका हंगामात परत आलेल्या मालाचा खर्च लहान कंपनीला झेपत नाही. नक्कल ही तिसरी गाठ. सॅकचा पॅटर्न, म्हणजे कापड कापण्याचा नमुना, सॅक उसवून पाहिली की कळतो आणि मोठ्या कारखान्याला तो स्वस्तात शिवता येतो.

कच्च्या मालाचे परावलंबित्व मला सर्वांत कमी चर्चिले गेलेले वाटते. आज अत्यंत हलक्या तंबूंसाठी वापरले जाणारे डायनीमाचे पत्र्यासारखे कापड मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी बनवले गेले. १९९२ च्या अमेरिका कप शर्यतीत ते वापरले गेले होते. ते बनवणारी क्युबिक टेक ही कंपनी २०१५ साली डीएसएम या मोठ्या उद्योगसमूहाने घेतली आणि २०२२ साली डीएसएमचा डायनीमा व्यवसाय अॅव्हिएंट या आणखी एका समूहाकडे गेला. या समूहांच्या दृष्टीने भटक्यांचे तंबू हा अगदी बारीक गिऱ्हाईक-वर्ग आहे. चिलखते, दोरखंड आणि जहाजांचे सामान हा त्यांचा खरा बाजार. कापडाचा पुरवठा लांबला, किंमत बदलली किंवा एखादी जाडी बनवणे थांबले तर घरगुती स्वरूपाच्या कंपनीपुढे दुसरा पर्याय नसतो. शिवाय विक्री वसंत आणि उन्हाळ्यात एकवटलेली असते आणि कापडाची मागणी कित्येक महिने आधी, पैसे अडकवून, नोंदवावी लागते. अंदाज एका हंगामात चुकला तरी पुढच्या हंगामासाठी भांडवल उरत नाही. चांगली वस्तू बनवणारी कंपनी चांगली वस्तू बनवत असतानाच बुडू शकते ती अशी.

दिवाळखोरीनंतर काय काय होते, हे गोलाइटच्या निमित्ताने मी पहिल्यांदा नीट पाहिले. हमी संपते, ज्या कंपनीने आयुष्यभराची खात्री दिली तिचेच आयुष्य संपल्यावर त्या शब्दाला धनी उरत नाही. विशिष्ट मापाची बक्कले, तळाचे आकडे, तंबूच्या टोकाचे कापडी तुकडे हे सुटे भाग मिळेनासे होतात. कंपनीचे नाव ही एक विकाऊ मालमत्ता असल्याने ते घेणेकऱ्यांची देणी भागवण्यासाठी वेगळे विकले जाऊ शकते. गोलाइट हे नावही पुढे नव्या मालकांकडे गेले आणि व्यायामाच्या व भटकंतीच्या कपड्यांवर पुन्हा दिसू लागले. त्या नव्या लोकांविषयी माझे काहीच वाकडे म्हणणे नाही. डिमिट्री कूपूनास यांनीही ‘माय ट्रेल कंपनी’ या नावाने पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला, ज्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. काही वस्तूही टिकल्या. चंदेरी छत्री मुळात जर्मनीतील युरोशिर्म या छत्र्या बनवणाऱ्या कंपनीकडून तयार होऊन येत होती, त्यामुळे ती वेगवेगळ्या नावांनी बाजारात राहिली आणि आजही वाळवंटी वाटांवर दिसते. जिचा कारखाना वेगळ्या छपराखाली होता ती वस्तू वाचली.

जे वाचले नाही ते म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची सवय. सॅकवर आणखी एक खिसा लावणे सोपे असते. विक्रेता तो दाखवू शकतो, गिऱ्हाईक तो मोजू शकतो. तो खिसा न लावण्याचा निर्णय घेण्यासाठी मात्र कुणीतरी ती सॅक पाठीवर घेऊन इतके चाललेले असावे लागते की खिशाशिवाय भागते याची त्याला खात्री असावी, आणि ती खात्री विक्री विभागासमोर टिकवून धरण्याचा अधिकारही त्याच्याकडे असावा लागतो. कंपनी ही अशा शेकडो नकारांची साठवण असते. कापडाची कोणती जाडी वापरून पाहिली आणि का सोडली, खांद्याचा पट्टा किती अंतरावर शिवल्यावर काखेत काचतो, टार्पच्या कडेला किती वक्रता दिली म्हणजे ती वाऱ्यात फडफडत नाही, हे सारे ज्ञान काही माणसांच्या डोक्यांत, काही वह्यांत आणि काही शिवण-कामगारांच्या बोटांत असते. तयार वस्तूत त्याचा निष्कर्ष तेवढा दिसतो. वस्तूची नक्कल करणाऱ्याला तो निष्कर्ष मिळतो, त्यामागची नापास झालेल्या प्रयोगांची रांग मिळत नाही. म्हणून पुढच्या आवृत्तीत तो नेमका तोच खिसा लावून बसतो. गोलाइटनंतरच्या काही वर्षांत मी ‘हलक्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सॅक हातात घेऊन पाहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी पट्ट्यांकडे पाहून हेच मनात आले.

या नुकसानावर जार्डिन यांनी शोधलेला उपाय मला अधिक दूरदृष्टीचा वाटतो. गोलाइटपासून वेगळे झाल्यावर त्यांनी तयार सामान विकण्याच्या फंदात न पडता कापड, दोरा, पट्ट्या आणि सविस्तर सूचना असलेले संच विकायला घेतले, जेणेकरून ज्याला सॅक, टार्प किंवा क्विल्ट हवी त्याने ती स्वतः शिवावी. स्वतः शिवलेली वस्तू फाटली तर दुरुस्त कशी करायची हे माणसाला वेगळे शिकावे लागत नाही, आणि विकणारा उद्या थांबला तरी ज्ञान हजारो घरांत पसरलेले राहते. याला फार जुनी परंपराही आहे. १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी अमेरिकेतील अॅपलाचियन ट्रेल ही ३,३०० किलोमीटरच्या आसपासची वाट एकटीने पूर्ण करणाऱ्या एमा गेटवुड यांच्या खांद्यावर स्वतः शिवलेली जाड्याभरड्या कापडाची थैली होती, पायांत साधे कापडी बूट होते आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा होता. त्यांनी कोणत्याही कंपनीची वाट पाहिली नाही. अर्थात प्रत्येकाला शिवता येते असे नाही, प्रत्येकाकडे वेळही नसतो, आणि गोलाइट नसती तर माझ्यासारखे पुष्कळजण या विचाराच्या जवळही फिरकले नसते. तयार सॅक हाच आमचा प्रवेश होता. म्हणून कंपनी हवीच. पण ती एकमेव भांडार असता कामा नये.

यासाठी लहान कंपन्यांकडे माझे एक गांभीर्याने मागणे आहे. जी उत्पादने बनवणे तुम्ही थांबवले आहे त्यांचे पॅटर्न, कापडाचे प्रकार आणि वजने, शिवणीच्या पद्धती हे सर्वांसाठी खुले करा, आणि ते धंदा चालू असतानाच करा. एकदा दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की पॅटर्न, नाव, रेखाटने हे सारे घेणेकऱ्यांच्या हक्काची मालमत्ता बनते. मग संस्थापकाची कितीही इच्छा असली तरी त्याला ते वाटून टाकता येत नाही. बंद केलेल्या एखाद्या जुन्या सॅकचा पॅटर्न दिल्याने चालू मालाची विक्री घटेल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही, कारण जो माणूस चार रात्री बसून सॅक शिवेल तो तयार सॅकचा गिऱ्हाईक आधीपासूनच नसतो. उलट त्याच्याकडून सुधारणा परत मिळण्याची शक्यता असते.

माझी जॅम अजून वापरात आहे. बाजूच्या खिशाला झुडपांनी भोके पाडली तिथे मी पातळ नायलॉनची ठिगळे लावली आहेत. सिलिकॉन मुरवलेल्या कापडाला साधी चिकटपट्टी धरत नाही, त्याला सिलिकॉनचाच चिकट लेप लागतो. पॉलियुरेथेनचा (पाणी अडवणारा प्लॅस्टिकसारखा) थर असलेल्या कापडाला मात्र तो चालत नाही, त्यामुळे दुरुस्तीआधी कापड कोणते आहे हे ओळखणे आवश्यक असते. सॅक ओली गुंडाळून ठेवायची नाही, कारण पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो आणि सोलवटू लागतो. एवढी पथ्ये पाळली तर ती आणखी बरीच चालेल. पण ती जेव्हा दुरुस्तीपलीकडे जाईल तेव्हा ती टाकून द्यायची नाही, असे मी ठरवले आहे. तिच्या शिवणी एकेक करून उसवायच्या, प्रत्येक तुकडा इस्त्री न लावता सपाट करून कागदावर आखायचा, शिवणीसाठी कड किती सोडली आहे ते नोंदवायचे, कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने धरला आहे ते बाणाने दाखवायचे, जिथे जाड टाके घालून मजबुती दिली आहे त्या जागा खुणावायच्या, आणि दहा सेंटिमीटर चौरसाचा तुकडा कापून तो बारीक काट्यावर तोलायचा, म्हणजे चौरस मीटरचे वजन हाती येईल. ज्यांच्याकडे ब्रीझ, केव्ह किंवा जुने शांग्रि-ला जीर्ण अवस्थेत पडून असेल त्यांनीही हे करावे आणि ते आराखडे एकमेकांना द्यावेत. खांद्याच्या पट्ट्याची वक्रता आखताना मात्र फोम आधी काढून घ्यावा, नाहीतर माप हमखास मोठे येते.